दोन आयती आणि आपले अर्धे वाचन

धर्मग्रंथात विसंगती दिसली की दोनच उत्तरे तयार असतात. टीकाकार म्हणतो, ग्रंथ चुकला. आपण म्हणतो, तुमची समज चुकली. दोघांचेही वाचन तिथेच थांबते.

सूरह निसाची ३री आयत ४ विवाहांपर्यंत परवानगी देते. न्याय होणार नाही अशी भीती असेल, तर एकच. १२९वी सांगते, कितीही मनात आणले तरी बायकांमध्ये तुम्हांला न्याय करता येणार नाही. दोन्हीकडे शब्द 'अदल'चाच.

जुन्या मुफस्सिरांनी मेळ घातला : पहिला न्याय खर्च-वागणुकीचा, दुसरा मनाच्या ओढीचा. इजिप्तच्या मुहम्मद अब्दुह यांनी दोन्ही आयती एकत्र वाचून बहुपत्नीत्वाला आळा घालावा असे म्हटले. दोघेही श्रद्धावान, अरबीचे जाणकार. मग चुकीची समज कोणाची?

माझ्या मते विसंगती आयतींत नाही, अर्ध्या वाचनात आहे. धाराशिव जिल्ह्यात उर्दू शाळेत शिकवताना दिसते, 'चार' सर्वांना पाठ असते, अट कोणालाच नाही. आणि १२९व्या आयतीचा उत्तरार्ध तर कोणी काढतच नाही : एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला अधांतरी लटकत ठेवू नका. उर्दूत आपण 'मुअल्लक' म्हणतो, तीच ही बाई.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने ७ मुस्लिम महिला बहुपत्नीत्व व तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर गेल्या. दलवाईंचा मार्ग ग्रंथाचा नव्हता. त्यांच्याशी मतभेद असू शकतो. पण अधांतरी राहिलेल्या बाईची तक्रार आयतीतच नोंदलेली आहे. तिला 'समज चुकीची' म्हणण्याआधी आपण आपली समज तपासली होती काय?