वऱ्हाडच्या इतिहासाची शीव

यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ 1924 साली बुलढाण्याहून प्रसिद्ध झाला. विद्यापीठ नाही, दफ्तरखाना नाही, अशा आडवळणाच्या गावी बसून एका माणसाने आख्ख्या प्रांताचा इतिहास उभा करावा ही सोपी गोष्ट नव्हे. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमात महानुभावांच्या पोथ्या जमवल्या. 1934 मध्ये नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ स्थापन झाले. या मंडळींच्या कष्टांविषयी मला आदर आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. कारण पुढचे बोलणे काहींना कडू लागेल.

माझा प्रश्न ‘साधन’ या शब्दाविषयी आहे. संशोधक ज्याला साधन म्हणतो ते म्हणजे सनद, फर्मान, ताम्रपट, पोथी. या वस्तू वाड्यात, मठात, देवळात सापडतात. म्हणून संशोधकाची वाटही वाड्यापाशी सुरू होते आणि वाड्यापाशीच संपते. सिंदखेडराजाचा राजवाडा किंवा लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर पाहून ‘हे दगड कोणी वाहिले?’ असे विचारणे आता आपल्या भाषणांत इतके झाले आहे की त्याची धार गेली. मला त्याहून साधी गोष्ट विचारायची आहे: ज्याच्याकडे कागद नव्हता, त्याच्याकडे काय होते?

माझा आजा चिखलीकडच्या एका खेड्यात वेसकर होता. गावाच्या शिवेवरचा प्रत्येक धोंडा त्याला ठाऊक होता. कोणता पुरात सरकला, कोणता रातोरात कोणी सरकवला, हेही ठाऊक. मोजणीदार नकाशा घेऊन आला की आजा पुढे चालायचा आणि नकाशा त्याच्या मागे. ‘कागद सायबाचा हाय, पन शीव माह्या पायात हाय,’ असे तो म्हणायचा. ही आमच्या घरची फुशारकी नव्हे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जातिविषयक ग्रंथातही गावच्या हद्दी आणि रिवाज यांबाबत महाराचा शब्द प्रमाण मानला जाई, अशी नोंद आहे. म्हणजे सरकारला जो साक्षीदार चालत होता, तो इतिहासकाराला चालला नाही! गावकी सुटली हे चांगलेच झाले; तिच्याबद्दल हळहळण्याचे मला कारण नाही. पण तिच्याबरोबर ही साक्षही मातीत गेली.

कोणी म्हणेल, हा केवळ जातीचा प्रश्न आहे. तसे नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. बाप बापूजी हरी शिंदे सत्यशोधक, सरकारी कचेरीत नोकरीला, मराठा घराणे. त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध 1882 मध्ये पुण्यात छापला गेला. 1885 मध्ये जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. आणि मग? 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापीपर्यंत नव्वदएक वर्षे त्या पुस्तकाचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. घरात अक्षर असलेल्या, छापखान्यापर्यंत पोचलेल्या बाईची ही गत. तर त्याच काळात याच जिल्ह्यात दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणाऱ्या महार-मांग बाईचे काय उरणार?

पण दोष केवळ वाड्याकडे जाणाऱ्यांचा आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपण काय जपले? चां. भ. खैरमोडे यांनी आयुष्य खर्ची घालून बाबासाहेबांचे चरित्र लिहिले. पहिला खंड 1952 चा. वसंत मून यांनी घरोघरीचे कागद राखले, 1979 पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन मार्गी लावले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या बायांना गाठून त्यांच्या तोंडून ऐकत हिंडल्या, त्यातून 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. ही माणसे बोटांवर मोजावी इतकीच. बाकी आपण नागवंशाच्या वैभवावर व्याख्याने देतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे आपल्याला सारे माहीत असते. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आपल्या गावातून कोण गेले, कसे गेले, भाड्याला पैसे कोणी दिले हे माहीत नसते. ढोरे ओढणे कोणत्या गावाने केव्हा सोडले? त्यापायी विहीर, किराणा, मजुरी किती दिवस बंद राहिली? याची यादी एका तालुक्यापुरती तरी कोणी केली आहे का? हा इतिहास वाकाटकांइतका जुना नाही, पण त्यांच्या ताम्रपटांपेक्षा लवकर नष्ट होणारा आहे. तांब्याला वाळवी लागत नाही.

माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी मेहकर तालुक्यात या कामाला लावले. पहिल्याच गावात एका म्हातारीने पलंगाखाली पत्र्याची पेटी असल्याचे सांगितले. आत तिच्या नवऱ्याने जमवलेल्या वर्गणीच्या पावत्या, फेडरेशनच्या काळातल्या. पोरांनी पेटी मागितली. ती म्हणाली, ‘वाचून दाखवसान त काढतो. मले आजवर कोनं वाचून दाखवलं नाही.’ दोघे दुपारभर तिच्यापुढे नावे वाचत बसले. मध्येच ती थांबवायची आणि सांगायची, हा अमक्याचा बाप, याच्याकडे पैसा नव्हता म्हणून यानं जवारी दिली. पावतीवर जवारी लिहिलेली नव्हती. पोरांनी ती वहीत लिहून घेतली.