जुन्या लॅपटॉपला अपात्र कोणी ठरवले?

विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. तेव्हापासून शिक्षक-मित्र आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. शाळेला सात-आठ वर्षांपूर्वी मिळालेला लॅपटॉप चालतो आहे, पडदा ठीक आहे, कळफलकाची एखादीच कळ रुसते. पण विंडोज ११ घ्यायला गेले की 'हा संगणक पात्र नाही' असे उत्तर येते. आता तो भंगारात काढायचा का?

उत्तराआधी ती पात्रतेची यादीच तपासून पाहू या. नववीच्या प्रयोगवहीतला निष्कर्ष आपण तपासतो तशीच: दावा काय आहे, पुरावा कोणता दिला आहे आणि तो दाव्याला पुरतो का?

यादी जाहीर झाली २४ जून २०२१ रोजी. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० आणि मान्य यादीतला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही मान्यता बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढे सुरू होते. मागण्यांमागचे मुख्य कारण सुरक्षितता हे सांगितले गेले.

या कारणात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. टीपीएम ही किल्ल्या ठेवायची बंदिस्त पेटी समजा. डिस्कवरची माहिती कूटबद्ध करून ठेवली आणि तिची किल्ली त्याच डिस्कवर ठेवली, तर कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखे होते. टीपीएम ती किल्ली वेगळी ठेवते आणि संगणक सुरू होताना मधल्या प्रोग्रॅममध्ये कोणी ढवळाढवळ केली असेल, तर ती देत नाही. विद्यार्थ्यांची माहिती असलेला लॅपटॉप चोरीला गेला तर या पेटीचे मोल कळते.

पण अडचण इथे नाही. मायक्रोसॉफ्टच्याच नियमानुसार २८ जुलै २०१६ नंतरच्या नव्या विंडोज १० लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० असणे आवश्यक होते. म्हणजे २०१६ च्या अखेरीस किंवा २०१७ मध्ये आलेल्या बहुतेक यंत्रांत ही पेटी आहे, सिक्युअर बूटही आहे. ती अडतात प्रोसेसरच्या यादीपाशी.

मग हे प्रोसेसर फार हळू आहेत म्हणावे, तर तसेही दिसत नाही. इंटेलचा कोअर आय ७-७७००एचक्यू जानेवारी २०१७ मध्ये आला. त्यात चार गाभे, मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सेलेरॉन एन४००० आला: दोन गाभे, मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ, स्वस्त लॅपटॉपसाठी बनवलेला. यादीत दुसरा आहे, पहिला नाही. त्यामुळे १६ जीबी रॅमचा दणकट जुना लॅपटॉप नापास होतो आणि ४ जीबी रॅमचा, ब्राउझरची पाच पाने उघडली की धापा टाकणारा लॅपटॉप पास होतो.

वेग नव्हे, तर आतली संरक्षक रचना हे कारण असू शकेल. विंडोज ११ मध्ये स्मृतीतल्या संवेदनशील भागाला तटबंदी घालणारी एक सोय आहे. प्रोसेसरमध्ये विशिष्ट मदत असेल तर ती फारसा वेग न घटवता चालते. कारण पटण्यासारखे आहे. मात्र मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांनुसार इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही मदत केबी लेकपासून, म्हणजे सातव्या पिढीपासून मिळते, आणि ती पिढी जवळजवळ पूर्ण वगळली आहे. एएमडीच्या बाबतीत ती झेन-२ पासून आहे, पण त्याआधीचे रायझेन २००० मालिकेतले प्रोसेसर यादीत आहेत. कसोटी ज्यांना पुरी पडते ते बाहेर आणि पडत नाही ते आत, असे झाले तर आपण विद्यार्थ्याला विचारू की, कसोटी नेमकी कोणती लावलीस?

ऑगस्ट २०२१ मध्ये या यादीत सातव्या पिढीतले थोडे प्रोसेसर घेतले गेले. त्यातला लॅपटॉपसाठीचा एकच, कोअर आय ७-७८२०एचक्यू, तोही निवडक यंत्रांपुरता. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये हाच प्रोसेसर होता. आम्ही यावर भाष्य करत नाही.

त्याच वेळी कंपनीने आकडेही दिले. अटी पूर्ण करणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के बिघाडमुक्त होता. अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांत कार्यप्रणालीच्या गाभ्यातले बिघाड ५२ टक्क्यांनी अधिक होते. हे वाक्य गणिताच्या तासाला फळ्यावर लिहावे असे आहे. पहिला आकडा सरळ टक्केवारी आहे, दुसरा तुलनेतली वाढ. दोन्ही एकाच मोजमापाचे आहेत असे घटकाभर धरू. मग ०.२ टक्के बिघाडांत ५२ टक्के वाढ म्हणजे सुमारे ०.३ टक्के. बिघाडमुक्त अनुभव ९९.८ वरून ९९.७ वर आला! दोन मोजमापे वेगळी असतील, तर ती शेजारी ठेवून वाचकाने काय समजायचे हे सांगायला हवे होते. शिवाय 'अटी पूर्ण न करणारी' या एका शब्दात २०१७ चे यंत्रही आले आणि २००९ चेही.

यंत्राची खरी मर्यादा कशी असते याचे उदाहरणही याच कार्यप्रणालीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीला पॉपकाउंट ही आज्ञा कळणारा प्रोसेसर लागतो. ही आज्ञा द्विमान संख्येतले १ किती ते मोजते. १३ म्हणजे ११०१, त्यात १ तीन वेळा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही आज्ञा २००८ पासून आहे. ज्यात ती नाही, तो संगणक ही आवृत्ती सुरूच करू शकत नाही. इथे वाद संपतो. आठव्या पिढीची रेघ या जातीची नाही. ती पाठबळ कुठवर द्यायचे या धोरणाची रेघ आहे. कंपनीला तसे धोरण ठरवण्याचा हक्क आहे, पण त्याला यंत्राचा दोष म्हणू नये.

याचा आणखी एक पुरावा किमतीत आहे. विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या पैसे भरून पुढेही मिळतील अशी सोय केली आहे. शैक्षणिक संस्थांसाठी जाहीर झालेला दर प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ असा आहे. एकूण ७ डॉलरमध्ये जो लॅपटॉप तीन वर्षे सुरक्षित ठेवता येतो, तो मुळातच असुरक्षित कसा?

'पण आमचा लॅपटॉप खरोखरच रखडतो,' असे शिक्षक म्हणतील. रखडत असेल; पण बहुधा प्रोसेसरमुळे नाही. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती काट्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. काटा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी साधारण १२. असे सेकंदाला ५५-६०च तुकडे वाचून होतात, आणि संगणक सुरू होताना असे हजारो विखुरलेले तुकडे वाचायचे असतात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हाती येतो. डिस्क बदलण्याआधी आणि नंतर विद्यार्थ्यांना घड्याळ लावून वेळ मोजू द्यावी. पाच-पाच वेळा मोजून सरासरी काढली, तर भौतिकशास्त्राचा तास वेगळा घ्यायला नको. रॅमही वाढवावी, मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये ती पाटीवरच डाखलेली असते, हे खोलण्याआधी पाहून घ्यावे.

यादी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. घरी हौस म्हणून करायला हरकत नाही. शाळेच्या यंत्रावर करू नये. अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, आणि दुरुस्त्यांसाठीच तर हा खटाटोप.

लिनक्सची वाट अधिक सरळ आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर समाधानाने चालते. जिओजेब्रा, स्टेलॅरियम, लिब्रेऑफिस तिथे आहेत, फेटचे प्रयोग ब्राउझरमध्ये उघडतात. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त कार्यप्रणालीवर संगणक-शिक्षण दीड दशकाहून अधिक काळ चालवले आहे, तेव्हा हा काही नवा धाडसी प्रयोग नव्हे. तरीही लिनक्सचे भक्त सांगतात तितके ते बिनकटकटीचे नसते. शाळेचा प्रिंटर चालतो का ते पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, डिस्कला हात न लावता, आधी पाहता येते, ते पाहावे. दुसरी अडचण खास आपली. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले दाखले, प्रश्नपत्रिका आणि परिपत्रके कार्यालयाच्या संगणकात वर्षानुवर्षे साठलेली असतात. तो फॉन्ट नसला की ती इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन समोर येतात. म्हणून कार्यालयातला संगणक विंडोज १० वर ठेवून त्याच्यासाठी वाढीव दुरुस्त्या घ्याव्यात, त्या तीन वर्षांत जुने मजकूर युनिकोडमध्ये आणावेत आणि वर्गातल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावे, असे आम्ही सुचवू. मजकूर बदलण्याचे काम सुट्टीत दहावीच्या मुलांवर सोपवू नये. दाखल्यांवर नावे आणि जन्मतारखा असतात.