पाळत आणि पंचनामा : कापूसपट्ट्यातील मरण आणि काही चित्रपट-माहितीपट

शेतकऱ्याची आत्महत्या हा विषय घेऊन गेल्या वीस वर्षांत जे चित्रपट आणि माहितीपट निर्माण झाले, त्यांच्यासंबंधीची आपली चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली. चित्रण खरे आहे की नाही, हा एक आणि चित्रण परिणामकारक आहे की नाही, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न गैरलागू नव्हेत. परंतु ते प्रेक्षकाचे स्थान गृहीत धरतात. पाहणारा कोण, तो कोठे उभा आहे आणि तो पाहू लागतो तेव्हा पाहिला जाणारा जिवंत आहे की मृत, याची विचारणा त्यांत होत नाही. प्रस्तुत लेखात ही विचारणा पाच कलाकृतींच्या संदर्भात करावयाची आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९), अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) आणि श्रीहरी साठे यांचा ‘एक हजाराची नोट’ (२०१४) हे तीन कथापट. तर दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११) हे दोन माहितीपट.

ही विचारणा देवळीहून करण्यास काही कारण आहे. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरील हे तालुक्याचे गाव कापसाचा जुना बाजार म्हणून ओळखले जाते. वर्धा नदी ओलांडली की ‘बिटर सीड्स’चा यवतमाळ जिल्हा लागतो. दुसऱ्या बाजूस, फारशा अंतरावर नाही, असे सेवाग्राम आहे. म्हणजे कापसाच्या दोन प्रतिमांच्या मध्ये हे गाव वसले आहे. एक प्रतिमा चरख्याची. वृत्तपटांतून आणि विठ्ठलभाई झवेरी यांच्या १९६८ मधील प्रदीर्घ गांधी-चरित्रपटासारख्या कृतींतून ती देशाच्या स्मृतीत रुजली. तीत कापूस हा सुताच्या रूपाने येतो, हातात येतो, आणि नैतिक अर्थाने भारलेला असतो. दुसरी प्रतिमा या शतकाच्या आरंभी पुढे आली: हार घातलेली तसबीर, तिच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली स्त्री आणि भिंतीला टेकवलेली कीटकनाशकाची फवारणी-टाकी. या दोन प्रतिमांच्या दरम्यान जे घडते, म्हणजे पेरणी, डवरणी, वेचणी, गाडी भरणे आणि भावाची वाट पाहणे, ते पडद्यावर फारसे येत नाही. चरख्याच्या चित्रात कापूस पिकविणारा चौकटीबाहेर होता. तसबिरीच्या चित्रात तो चौकटीत आला, पण मेल्यानंतर.

मराठी चित्रपटाची परंपरा पाहता ही परिस्थिती अपरिहार्य होती असे म्हणता येत नाही. ना. ह. आपटे यांच्या कथेवरून बाबुराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. व्ही. शांताराम यांनी त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. १९३६ मध्ये पेंटरांनीच त्याचा बोलपट केला. मूकपट आज पाहावयास मिळत नाही. परंतु त्यातील अंधारलेली झोपडी आणि रडणारे कुत्रे या दृश्याचा उल्लेख चित्रपटाचे इतिहासकार आवर्जून करतात. कर्जाच्या पायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात मजूर होतो, हे त्या कथेचे सूत्र. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) ते पुन्हा येते, आणि ‘पीपली लाइव्ह’च्या अखेरीस नत्था शहरातील बांधकामावर धुळीने माखून बसलेला दिसतो तेव्हाही तेच सूत्र आपण पाहत असतो. या परंपरेत शेतकऱ्याचा अंत मृत्यूत होत नाही, स्थलांतरात होतो. नायक जिवंत राहतो. मरते ते त्याचे शेतकरीपण. आत्महत्येच्या चित्रपटांनी या कथासूत्रात केलेला बदल म्हणूनच आशयाचा तसाच रचनेचाही आहे. मृत्यू हा कथेचा शेवट न राहता तिचा आरंभबिंदू झाला.

‘गाभ्रीचा पाऊस’ची रचना या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगी आहे. गावातील एका शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलका आपल्या नवऱ्याविषयी, किसनाविषयी, धास्तावते. त्याने घरात गप्प बसणे, शेताकडे एकट्याने जाणे, साधे उशिरा परतणे, यांतील प्रत्येक गोष्ट तिला खूण वाटू लागते. ती लहानग्या दिनूला बापाच्या मागावर ठेवते, सासूलाही सावध करते, घरात दारिद्र्य असता त्याच्या आवडीचे रांधते. किसनाला यातले काही उमगत नाही. त्याला हा जाच वाटतो. या गैरसमजातून विनोद निर्माण होतो आणि तो विनोदच चित्रपटाची खरी शोकात्म जाणीव वाहतो. येथे ‘पाहणे’ म्हणजे पाळत ठेवणे आहे. पण ही पाळत सत्तेची नाही, मायेची आहे. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या अभिनयात हा ताण नेमका उतरला आहे. आपण प्रेक्षक म्हणून अलकाच्या डोळ्यांनी किसनाकडे पाहू लागतो आणि मग आपल्यालाही दोरी केवळ दोरी दिसत नाही, विहीर केवळ विहीर दिसत नाही. वस्तूंवर संशयाची छाया पडणे, हा चित्रपट-माध्यमाचा खास गुण येथे कारणी लागला आहे.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. कौतिकही अशीच घर सावरणारी, नवऱ्याच्या निष्क्रियतेपुढे न हरणारी वऱ्हाडी स्त्री आहे. परंतु कौतिकची झुंज दारिद्र्याशी आहे, अलकाची एका शक्यतेशी. जे घडलेले नाही, कदाचित घडणारही नाही, त्याच्याशी झुंजण्यात तिचे दिवस जातात. आत्महत्यांच्या काळाने या प्रदेशातील स्त्रीच्या जगण्यात जी नवी गोष्ट आणली ती ही. आकडेवारीतून ती सापडणार नाही, कारण आकडेवारी घडलेल्याचीच असते.

चित्रपटाचे नावही विचारात घ्यावे असे आहे. ‘गाभ्रीचा’ हा वऱ्हाडी बोलीतील शब्द शिवीच्या जातीचा खरा. पण त्यात राग आणि सलगी एकत्र नांदतात. पावसाला असे म्हणणारा माणूस पावसाशी भांडत असतो, त्याला त्यागत नसतो. चित्रपटाच्या ‘द डॅम्ड रेन’ या इंग्रजी नावात शाप उरला, सलगी गळाली. वऱ्हाडी बोलीचा उपयोग मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने दीर्घकाळ हशा पिकविण्यासाठी केला. येथे ती बोली हसविते, पण हसण्याचा विषय होत नाही. हा फरक लहान नव्हे.

तथापि या चित्रपटाची मर्यादा त्याच्या नावातच आहे. पाऊस हाच त्यातील प्रतिपक्ष आहे. तो येत नाही, आणि येतो तेव्हा नको तेवढा येतो. त्यामुळे सर्व दुःखाला नियतीचे रूप येते. कापसाचा भाव कोण ठरवितो, बियाणे कोठून येते, बँकेचे दार बंद झाल्यावर माणूस कोणाच्या दारी जातो, हे प्रश्न पार्श्वभूमीला राहतात. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. महाराष्ट्रात १९७२ पासून चालत आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना याच सुमारास प्रत्यक्षात मोडीत निघाली. बियाणे महाग होणे आणि खरेदीची हमी जाणे या दोन घटना एकाच पिढीने भोगल्या. निसर्गाला खलनायक केले की हा इतिहास दिसेनासा होतो.

तो इतिहास माहितीपट सांगतात. ‘नीरोज गेस्ट्स’ पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागोमाग विदर्भातील घराघरांत जातो. मुंबईत फॅशन सप्ताहाच्या वार्तांकनासाठी पाचशेहून अधिक पत्रकार जमले असता त्याच काळात विदर्भात बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, ही त्यांनी मांडलेली विसंगती चित्रपटाचा कणा आहे. त्या सप्ताहात मिरविले जात होते ते सुती कापडच. शीर्षकातील रूपक टॅसिटसच्या इतिहासातून घेतले आहे. नीरोने बंदिवान माणसे जाळून आपल्या बागेत उजेड केला. साईनाथ विचारतात की त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते. हा प्रश्न प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, आणि शहरी प्रेक्षकाच्या बाबतीत तो अचूक आहे. परंतु देवळीच्या प्रेक्षकाने स्वतःला कोठे शोधावे? तो पाहुणा नाही. आणि अजून तरी जळणाऱ्यांत नाही. तो कदाचित बागेच्या कुंपणापलीकडे राहणारा, धूर ओळखणारा माणूस आहे. माहितीपटाच्या संबोधनात त्याला जागा नाही. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्याशी नव्हे.

येथे माहितीपटाच्या रचनेची एक अडचण उघड होते. कॅमेरा मृत्यूनंतर पोचतो. साहजिकच त्याची दृश्ये पंचनाम्याच्या वळणाने जातात: घर, तसबीर, कर्जाचे कागद, विधवेचे निवेदन, मुलांची संख्या. शासनाच्या कागदाचेही हेच घटक असतात. महाराष्ट्रात एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते ते जमीन मृताच्या नावावर होती का, कर्ज मान्य स्रोताकडून घेतलेले होते का, अशा निकषांवर. शासन आणि शासनाचा टीकाकार या दोघांचीही चौकट एकसारखी असावी, हा केवळ योगायोग नाही. दोघांनाही पुरावा हवा असतो, आणि पुरावा मृत्यूनंतरच पुरा होतो.

‘पीपली लाइव्ह’ने या चौकटीचे केलेले विडंबन म्हणूनच महत्त्वाचे ठरते. मेल्यावर पैसे मिळतात असे कळल्याने नत्थाच्या मरणाची घोषणा होते आणि वाहिन्यांचे कॅमेरे मरणाच्या आधीच दाखल होतात. प्रशासन त्याच्या घरी हातपंप पाठविते. तो बसवायला मात्र पैसे नसतात. अखेरीस नत्था अपघातात मेला असे समजले जाते, आणि अपघात म्हणजे आत्महत्या नव्हे, या कारणाने कुटुंबाला मदत नाकारली जाते. पात्र-अपात्रतेचा तर्क येथे पूर्णत्वास जातो. वर्धा जिल्ह्याला हा तर्क अपरिचित नाही. येथील डोरली गावाने २००५ मध्ये ‘गाव विकणे आहे’ असे जाहीर केले, आणि त्यानंतरच बाहेरच्या जगाची नजर त्याकडे वळली. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग याच जिल्ह्यातील वायफडला आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. दिसण्यासाठी स्वतःला विकावयास काढावे लागणे, हे विडंबन वास्तवाने चित्रपटाच्या आधीच रचले होते. मात्र रिझवींच्या चित्रपटात उपहासाचा मोर्चा कॅमेऱ्यांकडे इतका वळतो की नत्था स्वतः जवळजवळ निःशब्द राहतो. माध्यमांनी त्याला बोलू दिले नाही, हे सांगणारा चित्रपटही त्याला फारसे बोलू देत नाही. याच चित्रपटात माती खणत खणत मरून जाणारा होरी महतो आहे. ‘गोदान’च्या (१९३६) नायकाचे नाव धारण करणारी ही आकृती दोन-तीन दृश्यांत जे सांगून जाते, ते सारा गलबला सांगू शकत नाही.

‘बिटर सीड्स’ने या कोंडीतून एक वाट काढण्याचा प्रयत्न केला आहे. पेलेड यांच्या जागतिकीकरणविषयक त्रयीतील हा तिसरा माहितीपट. दृष्टी परकी आहे, आणि बियाणे-कंपनी विरुद्ध शेतकरी अशी त्याची मांडणी कित्येकदा सरधोपट होते. पाटबंधारे, पतपुरवठा, भाव यांची गुंतागुंत एका कारणात आटते. परंतु त्याच्या मध्यभागी गावातीलच एक महाविद्यालयीन मुलगी आहे. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे, आणि तिला पत्रकार व्हायचे आहे. ती दारोदार जाऊन प्रश्न विचारते, तेव्हा उत्तर देणाऱ्यांच्या बोलण्याची जात बदलते. बाहेरच्या माणसापुढे दिलेले निवेदन आणि गावच्या लेकीशी केलेले बोलणे यांतील अंतर ऐकू येते. पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच व्यक्ती होणे, हा या माहितीपटाचा सर्वांत मोलाचा क्षण आहे.

या सूत्राला ‘एक हजाराची नोट’ने वेगळी दिशा दिली. बुढीच्या मुलाने आत्महत्या केलेली आहे, पण चित्रपट ती दाखवीत नाही, तिच्यावर भाष्यही करीत नाही. निवडणुकीच्या सभेत पुढाऱ्याने बुढीच्या हाती हजाराच्या नोटा ठेवल्या आहेत. सुदामाला सोबत घेऊन ती बाजाराच्या गावी खरेदीला जाते. तिच्यासारखीच्या हाती इतकी मोठी नोट कशी, हा दुकानदाराचा संशय पोलिसांपर्यंत जातो. उषा नाईक यांनी उभी केलेली ही म्हातारी अश्रूंची मागणी करीत नाही. तिच्याकडे पाहणाऱ्यांत या वेळी शहर नाही, वाहिन्या नाहीत. बाजारपेठेचे गाव आहे. म्हणजे आपणच आहोत. ‘नीरोज गेस्ट्स’ला देवळीसारख्या गावासाठी जे आसन मांडता आले नाही, ते येथे मांडलेले आहे, आणि ते सुखावह नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी हजाराची नोट चलनातून बाद झाली; चित्रपटातील संशय त्यानंतर अधिकच अर्थपूर्ण झाला.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. कथापटाने माणूस दाखविला, पण कारणे पावसावर किंवा माध्यमांवर ढकलली. माहितीपटाने कारणे सांगितली, पण माणूस मेल्यावर गाठला. या दोन उणिवा परस्परपूरक आहेत, आणि केवळ एकाची भर दुसऱ्यात घालून त्या भरून निघणार नाहीत. अलका, बुढी आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी या तिघींकडे पाहिले असता दिसते की या कृतींत मरणारा पुरुष असला तरी पाहणारी, सांगणारी आणि मागे राहणारी स्त्री आहे. तिच्या नावावर बहुधा सातबारा नसतो, म्हणून नोंदीत ती शेतकरी ठरत नाही. ती स्वतः मेली तर तिचे मरण शेतकऱ्याचे मरण म्हणून क्वचितच मोजले जाते. पंचनाम्याची चौकट तिला ‘वारस’ एवढीच ओळख देते. या पाच कृतींनी तिला साक्षीदार केले. कर्ती केले नाही. ती पेरते, वेचते, कर्ज फेडते, भावासाठी घासाघीस करते. हे सारे वर्तमानकाळात, तिच्या बोलीत आणि बाजाराच्या हिशोबासकट दाखविणे, ही या विषयावरील पुढच्या चित्रपटाची खरी कसोटी ठरेल.