नगररचनाकार कमी आहेत, पण मोजले कुठे?

नियोजनात संशोधन करू पाहणाऱ्यांच्या प्रस्तावात एक आकडा हमखास दिसतो. नीती आयोगाने सप्टेंबर 2021 मध्ये शहरी नियोजनाच्या क्षमतेवर अहवाल काढला, त्यातला. राज्यांच्या नगररचना विभागांना 12,000हून जास्त नगररचनाकार हवेत. मंजूर पदं 4,000 सुद्धा नाहीत आणि त्यातली जवळपास निम्मी रिकामी. आज हा अहवाल चंद्रपूर-गडचिरोलीत बसून वाचू या.

आधी चांगलं ते सांगते. 7,933 नागरी वस्त्यांपैकी 65 टक्क्यांकडे विकास आराखडाच नाही, हे अहवाल लपवत नाही. नगररचनाकाराच्या पदाला नियोजनाची पदवी आवश्यक धरलेली नाही, हेही तो मान्य करतो. सरकारी अहवालात एवढी कबुली कमीच वाचायला मिळते.

मला खटकतो तो छेद. टक्केवारी दिसली की कशाने भागलंय ते बघायचं, ही आपली विज्ञानवाल्यांची सवय. इथे भागलंय नागरी वस्त्यांनी. 2011च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात शंभरातले फक्त 11 लोक शहरी होते, चंद्रपुरात 35. बाकीच्यांची जमीन, जंगल, रस्ते, खाणी या हिशोबात येतच नाहीत.

"पण ताई, अहवालच शहरांचा आहे ना?" बरोबर. पण गावं त्यात अजिबात नाहीत असंही नाही. ग्रामीण क्षेत्र नियोजनासाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम काढा, अशी शिफारस आहे. शहरांसाठी मात्र 8,268 जादा पदं. म्हणजे शहराला माणूस आणि गावाला कोर्स! माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कारण इथे नियोजन आधीच चालू आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये, सुमारे 1,000 हेक्टरवर. पाचगावच्या ग्रामसभेने जंगलाचा एक भाग बांबूतोडीपासून राखून ठेवला. तेंदूपत्ता रोख पैसा देतो, पण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. म्हणून तो तोडायचाच नाही असं ठरवलं. कुठे काय करायचं, कुठे काय नाही, आणि त्यासाठी कोणतं उत्पन्न सोडायचं: याला आपण पुस्तकात भूवापर नियोजन म्हणतो. वनहक्क नियमांतल्या 2012च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या समितीने संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. त्यासाठी नियोजनकाराचं पद मात्र नाही.

आता तुमच्या कामाचं. भूगोलासारख्या विषयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अनेक संस्थांत एम.प्लॅन.ला प्रवेश मिळतो. गेटच्या आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपरमध्ये दुसऱ्या भागासाठी नियोजन निवडता येतं. नोकरीची गोष्ट वेगळी. मी एकदा एका जाहिरातीबद्दल फोन केला, तर पलीकडून एवढंच विचारलं, "सिव्हिल आहे का?" नाही म्हटलं, विषय संपला. म्हणून जाहिरातीतली पात्रता आधी नीट वाचा, मग दोन वर्षं घाला.

संशोधनाला विषय भरपूर आहेत, पण घाई नको. समजा, पाचगावात वणवे कमी झाले का, हे उपग्रहावरून बघायचंय. मोडिसचा वणव्यांचा पिक्सेल साधारण 1 किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या गावाचं जंगल दहाएक पिक्सेलमध्ये संपतं. व्हीआयआयआरएस 375 मीटरचं आहे, पण त्याच्या नोंदी 2012 पासूनच्या, आणि वनहक्कही त्याच वर्षीचा. मग 'आधी'ची तुलना करणार कशाशी? इथे ग्रामसभेच्या नोंदवह्या आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण हाच डेटा. तो लॅपटॉपवर मिळत नाही, गावात जाऊन बसावं लागतं, आणि आधी ग्रामसभेची परवानगी घ्यावी लागते.

तेव्हा प्रस्तावात 12,000चा आकडा जरूर द्या. फक्त पुढच्या ओळीत लिहा, की तो कोणाला मोजत नाही. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक त्याच ओळीत सापडेल.