अपवादांचा भूगोल

मराठी माध्यमात शिकलेल्या कित्येक पिढ्यांना इंग्लंड भेटले ते दोन याद्यांमधून. पहिली यादी व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी असे : गो-वेंट-गॉन, टेक-टुक-टेकन, सिंग-सँग-संग. दुसरी भूगोलाच्या पुस्तकात असे : थेम्स, सेव्हर्न, मर्सी या नद्या, मँचेस्टरचे कापड, शेफील्डचे पोलाद. दोन्ही पाठ करायच्या, दोन्हींवर परीक्षेत प्रश्न यायचा आणि दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल अशी शंकाही कुणाला येत नसे. हा संबंध आहे, इतकेच नव्हे तर या दोन याद्या एकाच इतिहासाच्या दोन नोंदी आहेत, असे मला या लेखात मांडायचे आहे. तो संबंध तुटल्यामुळे आपले इंग्रजीचे शिक्षण तर कोरडे झालेच, पण इंग्रजी साहित्याचे आपले वाचनही एका बाजूने आंधळे राहिले.

सुरुवात नकाशापासून करू. इंग्लंडमधल्या अनेक नद्यांची नावे इंग्रजी नाहीत. थेम्स हे नाव इंग्रजी बोलणारे लोक त्या बेटावर येण्यापूर्वीचे; ज्युलियस सीझरच्या लेखनातही ते सापडते. शेक्सपिअरच्या गावाजवळून वाहणारी एव्हन घ्या. वेल्श भाषेत आजही ‘अवॉन’ म्हणजे नुसती नदी. नवागतांनी स्थानिकांच्या तोंडचा साधा शब्द विशेषनाम म्हणून उचलला, म्हणूनच त्या देशात एव्हन नावाच्या नद्या एकापेक्षा अधिक आहेत. मँचेस्टर, विंचेस्टर, लँकेस्टर, डॉनकेस्टर यांच्या शेवटी रोमन छावणीचा लॅटिन शब्द आहे. दक्षिणेत त्याचा ‘चेस्टर’ झाला, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ‘केस्टर’ राहिला. डर्बी, रग्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी यांच्या शेवटचा ‘बी’ हा डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांचा वस्तीवाचक शब्द. इंग्लंडमध्ये अशी ‘बी’ने संपणारी सहाशेहून अधिक ग्रामनामे आहेत, आणि त्यातली बहुतेक देशाच्या उत्तर आणि पूर्व भागात.

ती तिथेच का, याचे उत्तर एका तहात मिळते. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डॅनिश राजा गुथ्रम यांनी आपली हद्द ठरवली. ती थेम्सवरून निघते, ली नदीने तिच्या उगमापर्यंत जाते, तिथून सरळ बेडफर्ड गाठते आणि पुढे ऊझ नदीने वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्याला मिळते. भूगोलाच्या पुस्तकातली नदी इथे भाषेची सीमा होते.

आता क्रियापदांच्या यादीकडे वळू. ‘टेक-टुक-टेकन’ हे क्रियापद मूळ इंग्रजी नव्हे. ते या रेषेच्या पलीकडून आले. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. ते लोपले, त्याचा एक अवशेष ‘नंब’ या शब्दात राहिला. नंब म्हणजे बधिर. मुळात ‘घेतला गेलेला’, ग्रासलेला. ‘मरणे’ या अर्थी ‘स्टेओर्फन’ होते. उत्तरेकडच्या ‘डाय’ने त्याची जागा घेतली आणि जुने क्रियापद ‘स्टार्व्ह’ म्हणून फक्त उपासमारीपुरते उरले. ‘गेट’, ‘कॉल’, ‘वॉन्ट’ हीदेखील त्याच लोकांची देणगी. उलट १०६६ नंतर फ्रेंचमधून जी शेकडो क्रियापदे आली, ती जवळजवळ सगळी मुकाट्याने ‘-ईडी’ लावून चालू लागली. ‘कॅच-कॉट’सारखे अपवाद फार थोडे. म्हणजे ज्यांना आपण ‘अनियमित’ म्हणतो ती क्रियापदे बहुतांशी फ्रेंचपूर्व थरातली आहेत. नदीच्या नावासारखीच ती जुनी आहेत, आणि रोज तोंडात असल्यामुळेच टिकली.

हा शेवटचा मुद्दा मोजूनही पाहिला गेला आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे घेतली. चॉसरच्या काळापर्यंत त्यातली १४५ अनियमित राहिली होती, आज ९८ आहेत. जे क्रियापद कमी वापरात ते लवकर नियमित होते. ‘हेल्प’चे भूतकाळी रूप एकेकाळी ‘होल्प’ होते आणि १६११च्या बायबलमध्ये ‘होल्पन’ आढळते. आज तसे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत लाल रेघ पडेल.

तिरंगी तक्त्यातली सिंग-सँग-संग ही स्वरांची अदलाबदल तर आपल्याला परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते. याकोब ग्रिम, म्हणजे परीकथांच्या ग्रिम बंधूंपैकी थोरला, याने १८१९पासून आपल्या जर्मन व्याकरणात अशा क्रियापदांना ‘सबळ’ आणि प्रत्यय लावून चालणाऱ्यांना ‘दुर्बळ’ म्हटले. संस्कृतातले विद्-वेद, भृ-भर-भार हे गुण-वृद्धीचे खेळ आणि इंग्रजीतले स्वरबदल एकाच घराण्यातले आहेत. ‘बाइंड’ हा ‘बन्ध्’चा, ‘सिट’ हा ‘सद्’चा, ‘बेअर’ हा ‘भृ’चा नातेवाईक. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबई विद्यापीठात संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने दिली. म्हणजे तौलनिक भाषाशास्त्राची दृष्टी महाराष्ट्रात तेव्हाच पोहोचली होती. पण ती शाळेच्या पायऱ्या चढली नाही. एकाच वर्गात मुले पहिल्या तासाला धातूंची रूपे घोकत आणि दुसऱ्या तासाला इंग्रजी क्रियापदांची. दोन्ही घोकंपट्ट्यांमधली भिंत कुणी पाडली नाही.

मराठीही हाताशी होतीच. ‘गो’चा ‘वेंट’ कसा, या प्रश्नावर ‘तो अपवाद आहे, पाठ करा’ हे ठरलेले उत्तर. वस्तुतः ‘वेंट’ हे ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप; ‘गो’चे स्वतःचे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि त्या जागी हे येऊन बसले. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो, तेव्हा हेच करतो. ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूकडून आले, ‘गेला’ हा ‘गम्’च्या ‘गत’ या रूपाकडून. ‘होतो’ ‘भू’चा, ‘झाला’ ‘जात’चा. केला, मेला, आला ही रूपेही कृत, मृत, आगत यांची. मराठी मूल जी गोष्ट चौथ्या वर्षी सहज बोलते, तीच गोष्ट परभाषेत आली की तिला त्या भाषेचा लहरीपणा म्हणायला आपण त्याला शिकवले.

यात नुकसान केवळ कुतूहलाचे झाले असते तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. तक्त्याने आणखी एक काम केले. तीन रकान्यांत एकेकच रूप छापल्यामुळे ते एकच रूप संपूर्ण देश बोलतो असा समज पक्का झाला. प्रत्यक्षात ते रूप लंडन आणि त्याच्या भोवतालच्या पट्ट्यातून पुढे आलेल्या प्रमाणभाषेचे. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९०च्या एका प्रस्तावनेत गोष्ट सांगितली आहे : थेम्सच्या मुखाजवळ थांबलेल्या एका व्यापाऱ्याने एका बाईकडे अंडी मागितली, त्याने वापरलेला ‘एग्ज’ हा उत्तरेकडचा शब्द तिला कळेना, ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तिचा शब्द ‘आयरेन’ होता. छापायचे कोणते, हा कॅक्स्टनचा प्रश्न होता.

पुढे व्याकरणकारांनी तो प्रश्नच पुसून टाकला. लिंडली मरे या अमेरिकेत जन्मलेल्या गृहस्थाने १७९५ साली प्रसिद्ध केलेले व्याकरण पुढच्या शतकात अफाट खपले. ते लिहिले गेले यॉर्कजवळ, म्हणजे ज्या शहराचे नाव आणि रस्त्यांची ‘गेट’ने संपणारी नावे डॅनिश अमलाची साक्ष देतात तिथे. पण खिडकीबाहेरच्या बोलीला त्या पुस्तकात जागा नव्हती. ती जागा मिळायला विसावे शतक उजाडले. हॅरल्ड ऑर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लीड्स विद्यापीठातून १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी फिरून मुख्यतः वयस्क ग्रामीण माणसांची बोली नोंदवली. ‘कॅच्ड’, ‘नोड’, ‘ग्रोड’ ही आपल्याकडे हशा पिकवणारी रूपे तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या बोलत आले होते. या पाहणीतून निघालेल्या नकाशांत क्रियापदांच्या रूपांचेही नकाशे आहेत. दोन याद्या अखेर एका कागदावर आल्या.

साहित्याचा वाचक म्हणून मला हे इथे सर्वात जास्त जाणवते. टॉमस हार्डीची ‘टेस’ (१८९१) आपल्या महाविद्यालयांत अनेक वर्षे शिकवली गेली : नियती, निसर्ग, स्त्रीचे दुःख या मथळ्यांखाली. पण हार्डी सुरुवातीलाच सांगतो की टेस दोन भाषा बोलते. घरी बोली आणि बाहेर, वरच्या लोकांशी, शाळेत शिकलेली इंग्रजी. तिची शिक्षिका लंडनमध्ये तयार झालेली. आई आणि मुलगी यांच्यात हार्डीला दोनशे वर्षांचे अंतर दिसते, आणि ते अंतर शाळेने पाडलेले आहे. म्हणजे टेसही एका तक्त्याची विद्यार्थिनी आहे. ज्या प्रमाणरूपांनी रत्नागिरी किंवा जळगावच्या मुलाला गप्प बसवले, त्यांनीच डॉर्सेटच्या मुलीला आपल्या आईपासून तोडले. हा धागा आपल्या वर्गात हाती लागला नाही, कारण इंग्लंडमध्ये सगळे ‘शुद्ध’च बोलत असणार, हे आपण गृहीत धरले होते. ‘वुदरिंग हाइट्स’मधल्या जोसेफचेही तसेच. एमिली ब्राँटेने १८४७ साली त्याच्या तोंडी यॉर्कशरची दाट बोली घातली. तिच्या मृत्यूनंतर १८५०च्या आवृत्तीत बहीण शार्लटने ती सौम्य केली, कारण दक्षिणेकडच्या वाचकांना ती कळणार नाही असे तिला वाटले. कॅक्स्टनची ती रेषा साडेतीनशे वर्षांनंतर दोन बहिणींच्या मधून गेलेली दिसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्याला नोकरीच्या मुलाखतीत बोलायचे आहे त्याला डॅनिश तहाचे काय? त्याला ‘वेंट’च यायला हवे. मलाही ते मान्य आहे. २००० साली राज्याच्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती याच गरजेपोटी, आणि प्रमाणरूप शिकवू नका असे म्हणणे म्हणजे ज्यांच्या घरी ते आधीच आहे त्यांची मक्तेदारी पक्की करणे होय. पण प्रमाणरूप शिकवणे वेगळे आणि त्याबाहेरच्या रूपाला अज्ञान म्हणणे वेगळे. ‘हे रूप अमुक प्रदेशातून आले, ते आज सर्वत्र चालते म्हणून शिका’ असे सांगायला तक्त्याखालची एक ओळ पुरते. त्या एका ओळीने चुकणाऱ्या मुलाला कळते की तो भाषेच्या बाहेर नाही, फक्त एका ठरावीक ठिकाणी अजून पोहोचलेला नाही.

आणि हे इंग्रजीपुरते राहत नाही. कोकणातला ‘केलंन’ आणि नागपूरकडचा ‘करून राहिला’ ही मराठी क्रियापदांच्या नकाशावरची गावे आहेत. आपण त्यांना विनोदी लेखनात आणि नाटकातल्या गड्याच्या तोंडी जागा दिली, व्याकरणाच्या पुस्तकात दिली नाही. इंग्रजांच्या तक्त्यावर टीका करताना आपला तक्ताही तपासावा लागेल. जोसेफची बोली सौम्य करणारी शार्लट मराठी संपादकांच्या खुर्चीतही बसलेली असते.