राता भाताचा पासपोर्ट

जनुकपेढीतल्या प्रत्येक बियाण्याला ‘पासपोर्ट’ असतो. शब्द शास्त्रज्ञांचाच. अन्न व कृषी संघटना आणि बायोव्हर्सिटी इंटरनॅशनल यांनी २०१५ साली सुधारलेला त्याचा नमुना एखाद्या ग्रंथासारखा वाचण्याजोगा आहे. बी गोळा करणाऱ्याला त्यात रकाना आहे, पैदासकाराला आहे, दात्यालाही आहे. दात्याच्या रकान्यात एखाद्या शेतकऱ्याचे नाव बसेलही. पण ते देणारा म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या वाण राखणाऱ्या समाजाला स्वतंत्र जागा नाही. ‘पारंपरिक वाण’ हा एक सांकेतिक अंक तेवढा आहे.

ही उणीव कारकुनी वाटेल. कोकणच्या खारजमिनीवरून पाहिली की तिचे वजन कळते. इथल्या शेतकऱ्यांनी खाडीला बांध घातले आणि खाऱ्या मातीत तगणारे राता भात राखले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यातून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण निवडले; भुऱ्या रात्याचा आयआर-८शी संकर होऊन ‘पनवेल-१’ आले. नावांचा प्रवास पाहा: भुरा राता, मग बीआर ४-१०, मग पनवेल-१. प्रत्येक पायरीवर संशोधकांची भर आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याचा शब्द गळत गेला.

आता पुढची पायरी. २०१४ साली ३,००० भातवाणांचे जनुकक्रम जगासाठी खुले झाले. पूर्वी निदान बी मागावे लागे. आता क्षार सोसणारे जनुक शोधायला मूठभर दाणेही लागत नाहीत. २०१०चा नागोया करार मुख्यतः प्रत्यक्ष नमुन्याच्या देवघेवीवर उभा आहे. ती पोकळी भरण्यासाठी २०२४ साली कोलंबियातील काली येथे निधी ठरला: मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यावा आणि त्यातला किमान निम्मा मूळनिवासी व स्थानिक समुदायांसाठी असावा. देणे ऐच्छिक आहे. शिवाय नोंदीत समुदायच नसेल, तर पैसा कोणाच्या दारी जाणार? आपल्या २००१च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ४१ वाणाच्या घडणीतील गावाच्या वाट्याबद्दल दावा करू देते. दाव्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे शेवटी तो न छापलेला रकानाच.

यावर काहींचा उपाय कुलपाचा. तो मला पटत नाही. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरते तेव्हा नव्या वाणाची निकड शेतकऱ्यालाच अधिक. बियाणे आपल्याकडे नेहमीच हातोहात फिरले. मात्र ते कोणत्या घरचे, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. देणे खुले होते, निनावी नव्हते. खुल्या विज्ञानाने यातले पहिले उचलले, दुसरे टाकून दिले. मूळनिवासी समाजांच्या जागतिक विदा-आघाडीने २०१९ साली मांडलेली ‘केअर’ तत्त्वे नेमकी हीच आठवण देतात: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीती.

करण्याजोगे काम छोटे आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीच्या समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही सोपवली आहे. आमच्या तुडीलसारख्या खाडीपट्ट्यातल्या गावाच्या नोंदवहीतले पान आणि जनुकपेढीतला क्रमांक एकमेकांना जोडावेत. गावाने ठेवलेले नाव आणि गावाच्या अटी जनुकक्रमासोबत प्रवास करू द्याव्यात. अन्यथा राता संगणकात सुखरूप राहील आणि तो कोणाचा, हे सांगणारे मात्र उरणार नाहीत.