उत्तर पोचायला लागणारा वेळ

कॅनडातल्या ख्रिस्टीन लव्ह या लेखिकेचा ‘डिजिटल : अ लव्ह स्टोरी’ हा खेळ २०१० मध्ये आला. त्यात धावणं नाही, उड्या नाहीत, बंदूक नाही. सगळा खेळ मजकुराचा आहे. काळ १९८८ चा. पडद्यावर त्या वेळच्या संगणकाची निळी पाटी दिसते. खेळणाऱ्यानं मोडेमवरून एकेक आकडा दाबून क्रमांक जोडायचा, पलीकडे लोकांनी ठेवलेले संदेश वाचायचे आणि उत्तर धाडायचं. तिथे एमिलिया भेटते. ती कविता लिहिते, हळूहळू मोकळी होते आणि एक दिवस नाहीशी होते. तिचा माग काढताना कळतं, की आपण ज्या एमिलियाशी बोलत होतो, ती माणूस नव्हती.

या खेळातल्या दोन गोष्टी कलेच्या दृष्टीनं फार मोलाच्या आहेत. पहिली अशी, की खेळणारा उत्तर धाडतो, पण त्या उत्तरात काय लिहिलं होतं ते खेळ कधीच दाखवत नाही. पलीकडून येणाऱ्या जबाबावरून आपलं बोलणं आपणच मनात जुळवायचं. दुसरी अशी, की परगावचा क्रमांक सहज लागत नाही. त्यासाठी कॉलिंग कार्डांचे सांकेतिक आकडे मिळवावे लागतात. थोडक्यात, अंतराला इथे किंमत मोजावी लागते. रात्री दर उतरायची वाट पाहत एसटीडी बूथवर थांबलेल्या, बोलता बोलता मीटरच्या लाल आकड्यांकडे बघणाऱ्या परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

विज्ञानकथेत अंतर दोन तऱ्हांनी येतं. एक अंतर मोजायचं असतं: ताऱ्यापर्यंत किती प्रकाशवर्षं, यानाचा वेग किती. दुसरं सोसायचं असतं: मी विचारलं त्याचं उत्तर येईपर्यंत मी कसा जगू? मराठी विज्ञानकथेनं पहिलं अंतर उत्तम हाताळलं, दुसऱ्याला ती अजून पुरेशी भिडलेली नाही. हे दुसरं अंतर वाचकाला नुसतं सांगून भागत नाही, त्याला ते प्रत्यक्ष सोसायला लावावं लागतं. ते काम आज मजकुराच्या खेळाइतकं चांगलं दुसरा कुठलाही प्रकार करू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

या प्रकाराचा जन्मच दुराव्यातून झाला. विल क्राउदर हा अमेरिकेतला संगणक अभियंता. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो, त्याच्या पूर्वसुरीच्या, म्हणजे अर्पानेटच्या उभारणीत त्याचा हात होता. गुहांमध्ये उतरण्याचा त्याला नाद होता. घटस्फोटानंतर मुलींशी अंतर पडू लागलं, तेव्हा १९७५-७६ च्या सुमारास त्यानं गुहेतल्या भटकंतीचा एक शब्दखेळ त्यांच्यासाठी रचला. पुढे स्टॅनफर्डमधल्या डॉन वूड्सच्या हाती तो लागला. मूळ कर्त्याची परवानगी घ्यायला त्यानं जाळ्यावरच्या एकूण एक संगणकावर ‘क्राउदर’ या नावानं पत्र धाडलं आणि उत्तर आलं. १९७७ मध्ये दोघांच्या हातचा ‘अॅडव्हेंचर’ पसरला. त्यानंतर ‘झॉर्क’ आला, १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी निघाली. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये अनेकांनी एकाच वेळी खेळायचं मजकुराचं जग उभं केलं. एकमेकांचा चेहरा न पाहता जडलेल्या मैत्रीचं हे सुरुवातीचं एक अंगण.

चित्रं चकचकीत झाली तसा बाजार या प्रकाराला विसरला. फोननं तो परत आणला, कारण संदेश वाचणं आणि वाट पाहणं ही आता आपली रोजची क्रिया आहे. २०१५ चा ‘लाइफलाइन’ याच सवयीवर उभा आहे. दूरच्या एका उपग्रहावर टेलर नावाचा जीव अडकला आहे आणि त्याच्या संदेशांना उत्तर देणारे फक्त आपण. तो तासभर चालणार असेल, तर आपलाही खराच तासभर जातो. अणुभट्टीजवळ रात्र काढू का, असं तो विचारतो आणि खेळणारा खरोखर माहिती शोधायला धावतो. वाट पाहायला लावण्यात हा खेळ पक्का आहे, मैत्रीत मात्र उणा. आपल्या वाट्याला दोन पर्यायांतला एक निवडणं एवढंच येतं. आपण कोण आहोत, हे टेलरला फारसं जाणून घ्यावंसं वाटत नाही. एका बाजूनंच उघडणाऱ्या नात्याला मैत्री म्हणता येत नाही.

त्याच वर्षीचा ‘एमिली इज अवे’ विज्ञानकथा नाही, पण मैत्रीच्या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. जुन्या गप्पांच्या खिडकीत वर्षागणिक दोन जिवलगांचं बोलणं आटत जातं आणि काहीही निवडलं तरी ते आटतंच. फ्रान्सचा ‘बरी मी, माय लव्ह’ (२०१७) माझ्या मते या साऱ्यांत श्रेष्ठ. सीरियातल्या होम्समधून नूर युरोपच्या वाटेला लागते. तिचा नवरा माज्द मागे राहतो आणि खेळणारा म्हणजे तोच. तिचा फोन लागत नाही, तेव्हा खेळ थांबतो आणि आपणही थांबतो. सल्ला देता येतो, पण नूर तो मानेलच असं नाही. दूर असलेल्या माणसावर आपला ताबा नसतो, हे सत्य या खेळाच्या रचनेतच भिनलेलं आहे. विज्ञानकथेनं हे त्याच्याकडून शिकायला हवं.

आता आपल्याकडे पाहू. दूरच्या जगाची ओढ मराठीला जुनी आहे. कोचीनला राहणाऱ्या कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी चालवलेल्या ‘केरळ कोकिळ’मध्ये १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप क्रमशः येऊ लागलं. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. नावाची आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे ते जयंत विष्णू नारळीकर होते. त्यांच्यासोबत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथेला घर मिळवून दिलं. नारळीकरांना २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तो या साऱ्या वाटचालीचा गौरव होता.

या परंपरेविषयी मला अतोनात आदर आहे, म्हणूनच तिची मर्यादा स्पष्ट मांडतो. आपल्या विज्ञानकथेचा नायक बहुधा समजावून सांगणारा असतो. एखादा प्राध्यापक, संशोधक किंवा डॉक्टर बोलतो आणि दुसरा ऐकतो. संवाद प्रश्नोत्तराच्या तासासारखा चालतो. विज्ञानाचा प्रसार हे परिषदेचं उद्दिष्ट होतं, त्यामुळे हे साहजिकच होतं. पण त्यामुळे संदेश म्हणजे माहिती, हे समीकरण पक्कं झालं. संदेश म्हणजे नातं, हे राहून गेलं.

खरं तर मराठी आवाज आजच्या घडीला माणसाच्या हातची सर्वांत लांबची वाट चालतो आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज त्या यानाकडून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला जवळपास अख्खा दिवस लागतो. मंगळावरून तो अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटांत येतो. बावीस मिनिटांनी येणाऱ्या ‘हो’साठी थांबलेल्या माणसाच्या मनात काय काय होऊन जातं, ही विज्ञानकथेची सामग्री आहे.

अशा खेळाला लागणारं बरंच काही मराठीकडे आधीपासून आहे. महाराष्ट्रात मिळालेल्या मोक्षपटांवर ओवीबद्ध मजकूर आढळतो. परंपरा या खेळाचं नातं ज्ञानेश्वरांशी लावते. दान पडावं, सोंगटी घरात जावी आणि त्या घराचा मजकूर वाचावा, ही मजकुराच्या खेळाचीच रीत. जात्यावरची ओवी तर समोर नसलेल्या माणसाशीच बोलते: माहेरच्या आईशी, भावाशी, दूर दिलेल्या मैत्रिणीशी. गंगाखेडच्या जनाबाईनं दळता-कांडता विठ्ठलाला सोबती करून घेतलं. दृष्टीआडच्या सोबत्याशी बोलण्याची ही तालीम परभणीच्या मातीतली आहे. अलीकडचा दाखलाही आहे. १९९६ पासून जगभरच्या मराठी माणसांना जोडणाऱ्या मायबोली या संकेतस्थळावर गणेशोत्सवात एसटीवाय, म्हणजे ‘स्पिन द यार्न’ ही साखळीकथा रंगायची. एकानं गोष्ट सुरू करायची, दुसऱ्या खंडातल्या कुणीतरी ती पुढे न्यायची. त्याच मंडळींनी पुढे वर्षाविहार भरवून एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलं. मजकुरातून मैत्री आणि मैत्रीतून खेळ असा हा प्रवास आपण करून चुकलो आहोत. फक्त त्याला टिकाऊ कलाकृतीचं रूप दिलं नाही.

भाषेच्या घडणीतही मोठं धन दडलं आहे. मजकुराचा खेळ खेळणाऱ्याशी ‘तू’ म्हणून बोलतो. मराठीत ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवावंच लागतं. ‘लाइफलाइन’नं टेलर स्त्री की पुरुष हे कधीच उघड केलं नाही. वर मी ‘तो’ म्हटलं, ते मराठीनं भाग पाडलं म्हणून. इंग्रजीत पहिल्या पुरुषात बोलणाऱ्याला हे लपवणं सोपं आहे. मराठीत ती कसोटी ठरेल आणि तिथेच कलेला वाव आहे. ‘मी पोचलो’ किंवा ‘मी पोचले’ म्हणताच ओळख उघडी पडते, पण ‘मी पत्र वाचलं’, ‘मला वाटतं’, ‘मी येईन’ यांत ती झाकलेली राहते. पलीकडचा मित्र महिनोन्‌महिने फक्त अशाच वाक्यांत बोलतो आहे, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात यावं, तो चपापावा आणि मग जुने संदेश पुन्हा काढून वाचावेत. यंत्र आहे की माणूस, बाई आहे की पुरुष, हे रहस्य व्याकरणातून उलगडत नेणारा खेळ मराठीत होऊ शकतो. ‘अहो’, ‘तुम्ही’, ‘तू’ या पायऱ्यांवरून मैत्री किती जवळ आली तेही मोजता येतं. आणि परभणीचा मित्र ‘काय करायलास?’ असंच विचारणार. त्याच्या तोंडी पुस्तकी ‘काय करतो आहेस?’ घातलं, तर पहिल्याच संदेशाला तो खोटा वाटेल.

अडचणीही मोकळेपणानं मांडायला हव्यात. जुन्या धर्तीच्या खेळात आज्ञा टंकाव्या लागतात. ‘दिवा घे’ सोपं आहे, पण ‘दिव्यात तेल घाल’मधला ‘दिव्या’ म्हणजे तोच दिवा, हे संगणकाला सामान्यरूपासकट शिकवावं लागतं. त्यासाठी भाषाभ्यासकांनी आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसायला हवं. तोवर पर्याय निवडण्याची पद्धत हाताशी आहे. ख्रिस क्लायमसनं २००९ मध्ये काढलेलं ‘ट्वाइन’ मोफत आहे, देवनागरी चालतं, आणि तयार झालेला खेळ एका फाइलमध्ये मावतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या ‘राजी’सारखा देखणा खेळ करायला चमू लागतो. मजकुराच्या खेळाला एक लेखक पुरतो. वापीजवळच्या चाला गावातून काम करणाऱ्या स्टुडिओ ओलिओमिंगसनं सीमा आणि वसाहतकाळ यांवरचे मजकुरानं समृद्ध खेळ जगापुढे ठेवले आहेत. तेव्हा महानगर ही अट नाही.

परभणी जिल्ह्याकडे तर विषय आहेतच. दिवाळीच्या आसपास उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. पोरं कधी सोबत जातात, कधी आजीपाशी मागे राहतात. फडात नेटवर्क नसतं. मागे राहिलेल्या पोरीच्या संदेशावर एकच टिक राहते आणि मग एखाद्या रात्री दहा उत्तरं एकदम येतात. प्रकाशाचा वेग न शिकताही त्या पोरीला विलंबाचं दुःख ठाऊक आहे. तिला मंगळावरच्या वसाहतीत माती तयार करणारी एक मैत्रीण द्या. दोघींच्या संदेशांना उशीर होतो, पण कारणं निराळी. एकीच्या उशिराला भौतिकशास्त्राचा नियम आहे, दुसरीच्या उशिरामागे माणसांनी केलेली व्यवस्था आहे. मातीबद्दल विचारायला तिच्या जिल्ह्यातच १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. असा खेळ विज्ञानकथा असेल आणि या जिल्ह्याचं साहित्यही असेल.

हे घडवायचं तर दोन गोष्टी लगेच करता येतील. मराठी विज्ञान परिषदेनं आपल्या विज्ञानकथा स्पर्धेत मजकुराच्या खेळांसाठी वेगळा विभाग ठेवावा. १९७४ मध्ये अनोळखी नावाच्या कथेला पहिला क्रमांक देण्याचं मोकळेपण तिनं दाखवलं आहे. दिवाळी अंकांनी एखाद्या पानावर सांकेतिक चौकट (क्यूआर कोड) छापून असा एक खेळ वाचकाच्या फोनवर न्यावा, आणि त्याचं परीक्षण कादंबरीइतक्याच गांभीर्यानं छापावं. समीक्षेवाचून कुठलाही प्रकार मोठा होत नाही. लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा एकच: पलीकडच्या मित्राला स्वतःचं मन द्या. त्यानं आपल्याला प्रश्न विचारावेत, आपला सल्ला कधी धुडकावावा, कधी उत्तरच देऊ नये. मराठी विज्ञानकथेनं पन्नास वर्षं वाचकाला समजावलं. आता तिनं त्याला वाट पाहायला लावावी.